गोधडीवाली बाई

मी आयुष्यात एकदाच नऊवारी नेसले, ती दिल्लीत, आणि तीही सरकारी कामासाठी. कोपर्निकस मार्गावर आमच्या राज्याचं पर्यटनाचं प्रदर्शन होतं. तिथं गोधडी शिवून दाखवायला गावाकडून एक बाई यायच्या होत्या, त्या ऐनवेळी आजारी पडल्या. प्रदर्शनाचे साहेब हवालदिल झाले आणि आमच्या ह्यांनी बसल्या जागी सांगून टाकलं, "आमची मिसेस शिवते की." मला विचारायची पद्धत आमच्या घरात नव्हतीच.

शिवते हे खरं. आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये दिल्लीची थंडी माझ्या गोधड्यांवरच निघायची. पण मी एम. ए. झालेली, शाळेत शिकवणारी बाई. साहेबांनी मला सतरंजीवर बसवलं, चापाची नथ हातात दिली आणि हळूच म्हणाले, "वहिनी, हिंदी-इंग्लिश अजिबात बोलू नका हं. अस्सल गावाकडचं वाटलं, तरच लोक तिकडे फिरायला जातील." मला हसूच आलं. म्हटलं चलो, एका दुपारचा तर प्रश्न आहे.

हसू फार टिकलं नाही. लोक माझ्या डोक्यावरून एकमेकांशी बोलायचे. "बेचारी कितनी मेहनत करती है." एका बाईंनी तर भेंडी मोडून बघावी तसं माझं बोट उचलून मैत्रिणीला दाखवलं. मागून साहेब सांगत होते, यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हेच काम चालतं. माझे वडील पोस्टात होते! कान तापले, टाके वाकडे पडायला लागले, पण मी तोंड उघडलं नाही. लाज वाटत होती. त्या नथीची जास्त की गप्प बसण्याची, ते काही कळत नव्हतं.

तेवढ्यात समोरून माझी मुलगी येताना दिसली, कॉलेजच्या मैत्रिणींना घेऊन. आमच्या घरी कधी न आलेल्या मुली. तिची न् माझी नजरानजर झाली, आणि मी पदर पुढे ओढून मान खाली घातली. हिनं मला ओळख दाखवू नये, असं वाटत होतं. आणि खोटं कशाला बोलू, दाखवावी असंही वाटत होतं.

तिच्या चपला सतरंजीपाशी येऊन थांबल्या. एका मैत्रिणीनं विचारलं, "ये कहाँ से आई हैं?" साहेबांनी कुठल्यातरी गावाचं नाव ठोकून दिलं. मी सुई ओढत राहिले. मुलगी काहीच बोलली नाही. थोड्या वेळानं कुणीतरी "चलो यार" म्हणालं आणि चपला गेल्या.

बसमध्ये मी तिच्यावर नुसती धुमसत होते. एवढं वाढवलं, शिकवलं, आणि चार मुलींसमोर आईला आई म्हणायला जीभ उचलत नाही हिची! घरी गेले तर ही ओट्याशी कणीक मळत होती. मला काही राहवलं नाही.

"लाज वाटली ना माझी?"

तिचे हात थांबले.

"आई, मी त्यांना मुद्दाम घेऊन आले होते," ती म्हणाली. "माझी आई काय शिवते ते बघाच, असं सांगून. तू मला बघितलंस आणि पदर ओढलास."

काहीतरी बोलायला हवं म्हणून विचारलं, "मग त्यांना काय सांगितलंस?"

ती पुन्हा कणीक मळायला लागली होती.

"सांगितलं, माझी आई आज आलीच नाही."