पाण्याची पातळी: नॉर्मल

आमच्या महाडात पुराचा अंदाज कशावरून बांधतात, तर गटारावरून. सावित्री फुगली की आळीतल्या गटाराचं पाणी नदीकडे जायचं सोडून उलटं आळीत शिरायला लागतं. तसं झालं की दुकानदार माल माळ्यावर चढवतात. शेजारच्या चाचांचं धान्याचं दुकान आमच्या भिंतीला लागूनच. पाऊस धरला की ते तासातासाला गटारावर ओणवे होऊन बघायचे. मला त्याची किळस यायची. हातात कतारहून मुलाने धाडलेला महागडा फोन, आणि अक्कल गटारात!

मी शिकलेला माणूस. आई कमरेपासून अधू, तळमजल्यावर खाटेला खिळलेली, आणि माझी नोकरी पोलादपूरला. म्हणून मी यंत्र बनवलं. एक छोटा मायक्रोकंट्रोलर, पाण्यापर्यंतचं अंतर मोजणारा सेन्सर, दोन्ही जेवणाच्या डब्यात बसवून मागच्या ओढ्यावर पाइपला बांधले. घरातल्या वाय-फायवरून दर पाच मिनिटांनी माझ्या फोनवर आकडा यायचा आणि खाली हिरव्या अक्षरांत ‘नॉर्मल’. आळीत कुणाला त्याचं कौतुक नाही. चाचांनी डबा खालीवर बघितला आणि विचारलं, "लाईट गेली तर रे?"

"बॅटरी आहे त्याला," मी म्हणालो. असल्या प्रश्नांना याहून मोठं उत्तर द्यायची माझी तयारी नव्हती.

त्या दिवशी धो धो पाऊस होता, तरी फोन हिरवा बघून मी कामावर गेलो. अकराच्या सुमारास चाचांचा फोन. "गटार उलटं फिरलंय बेटा. आईला आमच्या माडीवर नेतो."

"चाचा, पाणी अजून चार फूट खाली आहे. मला इथे दिसतंय. तिला उगाच हलवू नका, कंबर दुखते तिची."

ते काहीतरी बोलत होते, मी फोन कापला. शेजारच्या टेबलावरच्याला आकडा दाखवून आमच्या आळीची यथेच्छ टिंगलही केली. नंतर दोनदा त्यांचा फोन आला, मी उचलला नाही. आकडा तासभर हलला नव्हता. पाणी स्थिर आहे, असा मी शहाण्याने अर्थ लावला. भर पावसात तासभर तसूभरही न हलणारं पाणी कुणी पाहिलंय?

बॅटरी यंत्राला होती. वाय-फायच्या डब्याला नव्हती. लाईट दहालाच गेली होती आणि फोन मला दहाचा आकडा दाखवत होता. पूर येण्याआधी महाडात लाईट जाते, हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

संध्याकाळी कमरेएवढ्या पाण्यातून घर गाठलं. आमच्या खोलीत पाणी खिडकीला लागलं होतं. आई चाचांच्या माडीवर, कोरडी. त्यांनी आणि त्यांच्या हमालाने तिला खाटेसकट वर नेलं होतं. त्यात वेळ गेला आणि दुकानातला तांदूळ खालीच राहिला. सगळा भिजला.

आई म्हणाली, "चाचा किती फोन लावीत होते तुला. लागला नाय का रे?"

"नाही लागला," मी म्हणालो. "रेंज नव्हती." माझ्याइतका हलका माणूस त्या माडीवर दुसरा नव्हता.

चाचा दाराशी लुंगी पिळत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"हां," ते आईला म्हणाले, "रेंजच नव्हती आज."