माहेरच्या दारातली दोरी

ओल्या चुन्याचा वास आला, की मला नेकनूरकडचं ते संग्रहालय आठवतं. त्या भागातली मुलींची पहिली शाळा माझ्या सासूबाईंच्या वडिलांनी आपल्या राहत्या घरात भरवली होती. सासूबाईंचे भाऊ-भावजय गेल्यावर ते घर सरकारनं जपायला घेतलं आणि मी सासूबाईंना मोठ्या थाटात ते दाखवायला नेलं. भिंतींना नुकताच चुना दिलेला, दारात दोरी, दोरीपाशी रखवालदार. "या मामी, तुमच्या माहेराला आता तिकीट हाय!" मी ओरडलो. पण त्या उंबऱ्याबाहेरच थांबल्या. माहेरी आलेल्या लेकीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकायचा, पायांवर पाणी घालायचं, मगच ती घरात येते. भावजय होती तोवर हे कधी चुकलं नव्हतं. मी काय मागं हटणारा? खिशातलं बिस्कीट मोडलं, बाटलीचं झाकण काढलं, रुमालाचा पदर डोक्यावर घेतला आणि भावजयीच्या थाटात ठुमकत पुढं झालो. "ओ साहेब, लादी नवी हाय, पाणी सांडू नका!" रखवालदार खेकसला. सासूबाई खळखळून हसल्या आणि हसता हसताच थांबल्या. "जावईबापू, तुमी बी पाव्हणे अन् मी बी पाव्हणी. घरचं माणूसच न्हाई, तर मला आत कोण घेणार?" बाहेरूनच त्यांनी वडिलांच्या फोटोला हात जोडले आणि गाडीकडं वळल्या. आता त्याही नाहीत. आयुष्यात मी सगळ्यांच्या नकला केल्या, लोकांना पोट धरून हसवलं. पण त्या दारात डोक्यावर रुमाल घेऊन उभा राहिलेला मी अजून कुणाला करून दाखवलेला नाही.