उन्हात मोजलेल्या काचा

एकसष्ट सालच्या मार्चमधला पहिला सोमवार, दुपारचे बारा. मुकुटबनजवळच्या एका शेतात प्रा. केशवराव पिंपळशेंडे यांना मी प्रथम पाहिले. ते धावत येत होते. तोवर व्हायचे ते होऊन गेले होते.

हैदराबादेहून सोडलेल्या त्यांच्या फुग्याची पेटी त्या शेतात उतरली होती. वरचा मजकूर इंग्रजीत, म्हणून चौकशीला आलेल्या फौजदार साहेबांनी शाळेतून मला बोलावले. मी कॉन्व्हेंटात शिकलेली. "आतल्या काचांना उजेड लागू देऊ नये," मी मोठ्याने वाचले.

"बाई, तुम्ही इंग्रजी वाचा, कायदा आम्ही वाचतो. काचा मोजल्याशिवाय पंचनामा होत नाही."

पंच म्हणून उभे असलेले तांड्याचे नाईक म्हणाले, "साहेब, बाई नाही म्हणून राह्यल्या, मंग कायले खोलता?"

साहेबांनी काळा कागद फाडला आणि एकेक काच उन्हात धरून मोजली.

सर बांधावर बसले. ओरडले नाहीत. नाईकांनी विचारले म्हणून सांगू लागले: दूर ताऱ्यांकडून अतिसूक्ष्म कण येतात. ते हवेवर आपटून फुटतात. आपल्यापर्यंत पोचतो तो चुरा. ते अखंड टिपायचे तर हवा जवळजवळ संपते तिथवर जावे लागते. तिथे विमान पोचत नाही, फुगा पोचतो. त्या कणांच्या वाटा, फोटोच्या फिल्मसारखा लेप दिलेल्या या काचांवर उमटल्या होत्या.

"मंग आता?"

"गेल्या, नाईक. धुतल्यावर सगळ्या काळ्या निघतील."

साहेबांनी अहवालात लिहिले की पेटी तांड्यातल्या लोकांनी उघडली. नाईकांना चौकीवर बसवून ठेवले. मी साक्ष द्यायला तयार होते, पण सरांनीच लिहून दिले: बांधणी सैल होती, पेटी पडताना उघडली, कसूर माझी. मी जाब विचारला तेव्हा म्हणाले, "चौकशी वर्षभर चालेल, बाई. तारे कुठे जात नाहीत. नाईकांचा हरभरा शेतात उभा आहे."

नाईक सुटले. सरांना पुन्हा फुगा मिळाला नाही. तेव्हापासून ते यवतमाळच्या कॉलेजात लंबक शिकवतात. सुट्टीत सूक्ष्मदर्शक घेऊन आमच्या शाळेत येत आणि मुलींना कणांच्या वाटा दाखवत, दुसऱ्यांच्या फुग्यांतून आलेल्या काचांवरच्या.

सर साठ वर्षांचे झाले, म्हणून हा गौरवग्रंथ. त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, आणि कसुरीचा तो शेरा त्यावर राहू नये. हे छापले म्हणून ते माझ्यावर रागावतील, रागावोत. साहेब, आपणही निवृत्तीनंतर यवतमाळातच असता, या ग्रंथाला आपण वर्गणीही दिली आहे. पेटी कोणी उघडली, हे महिनाअखेरीच्या आत गौरव समितीकडे सहीनिशी लेखी कळवावे. तोंडी निरोप चालणार नाही.