पट्ट्याखालचं दुखणं

"दुखणं खांद्याचं नाही, हृदयाचं आहे," सोलापूरच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, तेव्हा मी त्यांनाच समजावायला निघालो. सांगोल्याकडं माझी डाळिंबाची बाग. फवारणीचा पंप पाठीवर असतो, पट्टा डाव्या खांद्यात रुततो, म्हणून दुखतंय. एवढी साधी गोष्ट यांना कळेना.

बायकोनं, मालननं, पट्ट्याला जुन्या लुगड्याची गादीही शिवली होती. तरी बांध चढताना कळ यायची, थांबलं की जायची. एकदा बांधावरच मटकन बसलो, तेव्हा तिनं माझं काही न ऐकता इथं आणलं.

मनगटातून नळी घालून अँजिओग्राफी झाली. हृदयाच्या डाव्या मुख्य रक्तवाहिनीत अडथळा दिसला, पण मध्यम. मी खूश. म्हटलं, गोळ्या द्या, माल तोडणीला आलाय. मालननं मला गप केलं. "डॉक्टर, नक्की कळायची काय सोय हाय का?"

"आहे. अँजिओग्राफीत वाहत्या रक्ताची सावली दिसते. भिंतीत काय साठलंय ते बघायला आयव्हस करू."

आयव्हस म्हणजे रक्तवाहिनीच्या आतून सोनोग्राफी. केसासारख्या तारेवरून बारीक नळी आत जाते, तिच्या टोकातून ध्वनिलहरी सुटतात. सोनोग्राफी मला मुतखड्यापुरती माहीत. उगाच खर्चात पाडतात म्हणून चडफडतच टेबलावर पडलो. माणूस जागाच असतो. आत नळी फिरलेली कळत नाही, तेवढ्यासाठी भिऊ नका.

पडद्यावर राखाडी कडं उमटलं. "पूर्वी हे चित्र धुरकट यायचं, आता कडा स्वच्छ दिसतात," डॉक्टर म्हणाले. मग पडद्यावर बोट ठेवलं. "काका, मधलं काळं ती रक्ताची वाट. भोवती सगळी चरबी. हे मध्यम नाही. असेच घरी गेला असतात, तर अवघड होतं."

तेव्हा मात्र भ्यालो. तोडणी, व्यापारी, सगळं डोक्यातून गेलं.

तिथंच स्टेंट, म्हणजे वाट उघडी ठेवणारी जाळी, बसवली. आतून परत बघितलं, तर ती एका बाजूला भिंतीला टेकली नव्हती. फुगा फुगवून नीट बसवली.

चढताना खांदा, हात, जबडा दुखत असेल आणि थांबल्यावर जात असेल, तर पट्टा या खांद्यावरून त्या खांद्यावर करत बसू नका. दवाखाना गाठा.

पंप उचलायला मला अजून परवानगी नाही. परवा मालन पट्ट्यावर आणखी जाड गादी शिवत होती. म्हटलं, कशाला आता?

"आता पट्टा रुतायचा न्हाय," ती म्हणाली. "परत खांदा दुखला, तर पट्ट्याचं नाव सांगायचं न्हाय. मला हाक मारायची."