आई गेली त्या आठवड्यातली शाळा

आई शनिवारी गेली आणि सोमवारी मी शाळेत होते.

तेव्हा आम्ही ऑकलंडमध्ये, न्यू लिनला भाड्याच्या घरात राहत होतो. मी एका शाळेत परदेशातून आलेल्या मुलांना इंग्रजी शिकवायची. चीन, कोरिया, थायलंड, ब्राझील अशा कुठकुठल्या देशांतली पंधरा-सोळा वर्षांची मुलं. आईवडील तिकडे आणि मुलं इथे कुणाच्या तरी घरी पेइंग गेस्ट. माझा पासपोर्ट रेसिडेन्सीच्या अर्जाबरोबर जमा केलेला होता. धावपळ केली असती तर परत मिळालाही असता. पण पुण्याहून दादाचा फोन आला तेव्हा तोच म्हणाला, “तू पोचेपर्यंत कसं थांबणार? संध्याकाळीच नेतोय तिला. शाळेला सुट्टी लागली की ये.”

मी “बरं” म्हणाले. त्याने व्हिडिओ लावून आईला दाखवलं. चित्र सारखं अडकत होतं. तिच्या कपाळापाशी येऊन ते थांबलं आणि फोन कट झाला.

रविवारी मी घर झाडलं, कपडे धुतले. पावसामुळे ते हीटरपुढे वाळत घातले. नवरा म्हणाला, “उद्या जाऊ नकोस. मी कळवतो शाळेत.”

“घरी बसून काय करू?” मी म्हणाले.

माझी मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती. मराठीतलं तिला सगळं कळायचं, पण उत्तर इंग्रजीतून. तिने विचारलं, “आई, आर यू सॅड?” मी म्हणाले, “हो गं.” म्हणायला हवं म्हणून म्हणाले. खरं तर मला भूक लागत होती, झोपही लागत होती. फक्त सगळं जरा लांबून ऐकू येत होतं, पोहून आल्यावर कानात पाणी राहतं तसं.

सोमवारच्या तासाला घरच्या माणसांबद्दल प्रश्न विचारायचे होते. तो धडा आधीच ठरलेला होता, मी बदलला नाही. मुलांच्या जोड्या लावल्या. एक चिनी मुलगी उरली. अबोल, केस डोळ्यांवर आलेले, नेहमी खिडकीजवळ बसणारी. तिची जोडीदार म्हणून मीच बसले.

“मिस, युवर मदर इज लिव्ह इन इंडिया?” तिने विचारलं.

“डझ युवर मदर लिव्ह इन इंडिया,” मी सुधारलं.

तिने ते दोनदा पुटपुटून पाहिलं आणि मग नीट विचारलं.

“येस,” मी म्हणाले. “इन पुणे.”

काहीच झालं नाही. तिने पुढचा प्रश्न विचारला. आई स्वयंपाकात काय करते? मी म्हणाले, शेंगदाण्याची आमटी करते. ते तिला समजावून सांगितलं. ती तुम्हाला फोन करते का? हो, रोज. मी शाळेतून घरी पोचते तेव्हा तिकडे सकाळ असते. तिचा चहा झालेला असतो. एकही वाक्य चुकलं नाही. मुलीने मान डोलावली आणि तास संपला.

घरी आल्यावर मी फोन समोर ठेवून थोडा वेळ बसले. मग उठून कुकर लावला.

शाळेत माओरी भाषा शिकवणाऱ्या एक बाई होत्या, स्वतः माओरी, म्हणजे तिथल्या मूळ लोकांपैकी, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या. बुधवारी स्टाफरूममध्ये त्यांनी मला विचारलं, “तुला बरं नाही का?” तोपर्यंत शाळेत मी कुणाला काही सांगितलं नव्हतं. त्यांना सांगितलं.

त्यांनी हातातला कप खाली ठेवला. “मग आत्ता तिच्याजवळ कोण बसलंय?”

मला प्रश्नच कळला नाही. त्या म्हणाल्या, आमच्यात माणूस गेलं की दफन होईपर्यंत त्याला एकटं ठेवत नाहीत. सगळे जवळ बसतात, बोलतात, गातात, तिथेच झोपतात.

“आमच्यात लगेच दहन करतात,” मी म्हणाले. “त्याच संध्याकाळी झालं.”

“आणि तू इथे.”

“हो.”

त्यांच्या रीतीप्रमाणे त्यांनी माझ्या कपाळाला कपाळ आणि नाकाला नाक टेकवलं. त्यांचं नाक गार होतं. तेवढंच मला जाणवलं. मग घंटा झाली.

दुसऱ्या दिवशी माझा तास संपत आला असताना त्या दारात आल्या. हातात रताळ्याच्या सुपाचा मोठा डबा आणि पाव. “आईला जाऊन आठवडाही झाला नाही आणि तू उभी राहून शिकवतेस,” त्या म्हणाल्या. “निदान जेव तरी.” डबा टेबलावर ठेवून त्या गेल्या. मुलं एकेक करून बाहेर पडली. ती चिनी मुलगी जागेवरच बसून राहिली.

“मिस, तुम्ही सोमवारी येस म्हणालात.”

“हो.”

“का?”

“माहीत नाही.”

ती मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगायला लागली. वर्षभरात तिला इतकं बोलताना मी ऐकलं नव्हतं. ती इथे आल्यावर तिची आजी गेली. आजीनेच तिला वाढवलेलं. परीक्षा होती म्हणून तिला कुणी सांगितलं नाही. दर रविवारी ती फोनवर आजीला बोलवा म्हणायची आणि आई म्हणायची, आजी झोपलीय. सुट्टीत घरी गेली तेव्हा आजीच्या खोलीत सायकल ठेवलेली होती.

“मग तू काय केलंस?” मी विचारलं.

“जेवले. मी रडते का ते सगळे बघत होते. मी जेवतच राहिले.”

“मग कधी रडलीस?”

“अजून नाही.” मग म्हणाली, “इज इट ओके, मिस?”

शिक्षिकेने काहीतरी म्हणायला हवं होतं. “मलापण रडू येत नाहीये,” एवढंच मी म्हणाले.

मी स्टाफरूममधून दोन चमचे आणले. एकाच डब्यातून आम्ही ते सूप संपवलं, पाव वाटून घेतला. मधेच तिने आमटीत शेंगदाणे भाजून घालतात की उकडून, असं विचारलं. भाजून, मी म्हणाले. मग भूतकाळात म्हणाले, “माय मदर यूज्ड टू रोस्ट देम.” तिने मान हलवली आणि दप्तर उचलून गणिताच्या तासाला गेली.

शुक्रवारी चाचणी होती. रविवारी आम्ही अवोन्डेलच्या बाजारात जाऊन मेथी आणली.

सप्टेंबरअखेर सुट्टी लागली, तोवर पासपोर्टही आला होता. मी एकटीच पुण्याला गेले. दादा विमानतळावर घ्यायला आला होता. गाडीत बसल्यावर त्याने किल्ली लावली, पण गाडी सुरू केली नाही. स्टिअरिंगवर डोकं टेकवून तो रडायला लागला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. समोर एक कुटुंब गाडीत बॅगा बसवत होतं. एक बॅग मावत नव्हती. मी ते बघत राहिले.

“तुझ्यासाठी थांबायला हवं होतं का गं मी?” त्याने विचारलं.

“नाही दादा,” मी म्हणाले. “तू केलंस ते बरोबर केलंस.”

त्याने रुमालाने तोंड पुसलं आणि गाडी बाहेर काढली.