पाच शनिवार

कोणी नवा माणूस समोर आला की आमच्या मॅडम नमस्कार करायच्या नाहीत. त्या त्याचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घ्यायच्या, उलटा करून तळव्याकडे बघायच्या आणि विचारायच्या, "या हातांना काय काय येतं?"

खाडीकडच्या गावांत लोकांना आधी वाटायचं, बाई हात बघून भविष्य सांगतात. एका म्हातारीने तर दुसराही हात पुढे केला होता. "डाक्तरबाय, याच्यावरचं पन सांग, माजा लेक कवा सुदरंल." मॅडम हसत हसत तिच्या बोटांची पेरं दाबत राहिल्या. म्हातारीच्या लेकाचं काही सांगता आलं नाही, पण तिचा आखडलेला अंगठा त्यांच्या लक्षात आला आणि महिनाभरात तो हलायला लागला.

मॅडम ऑक्युपेशनल थेरपीच्या प्राध्यापक होत्या. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला हे नाव सांगितलं की लोक विचारायचे, "म्हणजे नोकरी लावून देता का?" आम्ही विद्यार्थी चिडायचो. मॅडम म्हणायच्या, "फार चुकीचं नाही विचारत ते. माणसाला त्याच्या कामावर परत लावून द्यायचं, एवढंच तर आपण करतो." दुखतं का, हे सगळेच डॉक्टर विचारतात, आपण काय अडलंय ते विचारायचं, असं त्या पहिल्या तासालाच सांगायच्या. तेव्हा मी ते वहीत उतरवून घेतलं आणि परीक्षेत लिहून मार्कही मिळवले.

तुम्ही त्यांना वाशीच्या बस डेपोत पाहिलं असतंत, तर प्राध्यापक म्हणून ओळखलं नसतंत. ठेंगणा बांधा, सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट. खांद्यावरच्या रेक्झिनच्या पिशवीतून पाण्याच्या प्लॅस्टिक पाइपचा तुकडा आणि करवतीची मूठ बाहेर आलेली. भाजलेला किंवा मोडलेला हात आखडू नये म्हणून त्याला जो आधार बांधतात, त्याला आम्ही स्प्लिंट म्हणतो. त्यासाठी लागणारं परदेशी साहित्य कॉलेजच्या कपाटात कुलपात असायचं. मॅडम पाइप उभा चिरायच्या, तापवून मऊ करायच्या आणि हाताच्या आकाराला वळवायच्या. सायकलच्या ट्यूबचे पट्टे लावले की झालं. त्याला त्या 'पन्हळ' म्हणायच्या. एकदा कंडक्टरने विचारलं, "मावशी, प्लंबिंगचं काम घेता काय?" "हो," त्या म्हणाल्या, "पन्हळी बसवते."

शनिवारी त्यांना सुट्टी असायची. त्या दिवशी त्या कळंबोलीला लोखंड बाजारात जायच्या. पत्रे उचलणाऱ्या माणसांचे हात तिथे रोज कापायचे. जखम भरली की दवाखान्याच्या कागदावर 'बरा झाला' असं लिहून माणसाला घरी पाठवायचे. साताऱ्याकडच्या अशाच एका 'बरा झालेल्या' हमालाला मॅडमनी त्यांचा नेहमीचा प्रश्न विचारला. त्याच्या उजव्या हाताला अंगठा उरला नव्हता. त्याने तो हात उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "बाई, तंबाकू मळाया येत न्हाई वो." पुढचे तीन शनिवार मॅडम एका लोखंडाच्या कोठीबाहेर बसून त्याला बोटांच्या बेचकीत चुना धरून तंबाखू मळायला शिकवत होत्या. कॉलेजात बोभाटा झाला. वरिष्ठांनी बोलावून घेतलं. मॅडमचं उत्तर होतं, "आधी त्याचा हात त्याला परत मिळू दे सर. तंबाखू मग मीच सोडवीन."

परदेशातून त्यांना बोलावणी यायची. "तिथं माझ्यावाचून काही अडत नाही," म्हणून त्या पत्रं बाजूला ठेवायच्या. आम्ही विद्यार्थी मात्र अमेरिकेवर डोळा ठेवून होतो. तिकडे आमच्या विषयाच्या माणसांना मागणी होती. वाशीत एक क्लास निघाला होता, तिकडच्या परीक्षेची तयारी करून घेणारा. त्याचे तास शनिवारी असायचे. मी शेवटच्या वर्षाला असताना तिथे नाव घातलं. मॅडमना सांगितलं नाही.

त्याच सुमारास गुलाब आमच्याकडे आली. उलव्याच्या बाजूला खाडीकाठच्या गावातली, माझ्याच वयाची. स्टोव्हचा भडका उडून तिचा उजवा हात कोपराच्या वरपासून बोटांपर्यंत भाजला होता. जखमा भरत होत्या, पण भाजलेली कातडी भरून येताना आवळत जाते आणि हात वाकवून टाकते. तळव्याला हात लावता येत नव्हता, म्हणून मॅडमनी तिची फक्त बोटांची टोकं धरली आणि विचारलं, "या हाताला काय काय यायचं?"

"निवट्या धरता यायच्या," गुलाब म्हणाली.

निवट्या म्हणजे खाडीच्या चिखलातले मासे. बिळात खांद्यापर्यंत हात घालून त्यांना धरायचं असतं. मॅडमनी ते तिच्याकडून नीट समजून घेतलं. हात कसा आत जातो, बोटं कधी उघडतात, कधी मिटतात. "पन्नास-पन्नास धरायची मी एका ओहोटीला," गुलाब सांगत होती. "बिलात हात घातला का मना कलायचा, हाय का नाय." मॅडमनी खाडीचा चिखल बादलीत भरून आणायला लावला आणि त्यात गोटे टाकले. तिचा व्यायाम तोच. पन्हळ तापवायला त्या पाइप घेऊन नाक्यावरच्या चहाच्या टपरीपर्यंत चालत जायच्या आणि गरम पाइप फडक्यात गुंडाळून पळत यायच्या. गुलाबसमोर स्टोव्ह पेटवायचा नाही, अशी आम्हाला सक्त ताकीद होती.

सुरुवातीचे काही शनिवार त्या मला सोबत घेऊन गुलाबच्या गावी गेल्या. मग म्हणाल्या, "आता तू एकटी सांभाळ. मला कळंबोली सोडता येत नाही." काम साधं होतं. कोपर किती अंश उघडतं ते मोजायचं, पन्हळ तेवढी उघडून पुन्हा बसवायची, व्यायाम घ्यायचा आणि रजिस्टरमध्ये नोंद करायची. पनवेलहून उरणची एसटी, फाट्यावर उतरून शेताच्या बांधाने अर्धा तास चालायचं.

पहिल्या शनिवारी मी गेले. दुसऱ्या शनिवारी क्लासमध्ये सराव परीक्षा होती. पुढच्या वेळी भरून काढू, असं ठरवून मी रजिस्टरमध्ये आदल्या वेळेपेक्षा पाच अंश जास्त लिहिले. तेवढी सुधारणा झालीच असणार, असं मी स्वतःला समजावलं. तिसऱ्या शनिवारी जायला हवं होतं. पण गेले असते आणि माप कमी निघालं असतं तर? म्हणून पुन्हा पाच वाढवले. मग ते सोपं होत गेलं. असे पाच शनिवार मी वाशीच्या एका वातानुकूलित खोलीत बसून गुलाबचा हात सरळ केला.

मॅडमनी ते रजिस्टर वर्गात आणलं आणि सगळ्यांना दाखवलं. "नोंद अशी असावी. स्वच्छ, नियमित." मैत्रिणींनी माझ्याकडे वळून पाहिलं. मी मान खाली घातली, तर त्यांना तो विनय वाटला.

त्यानंतर एक संस्था त्या गावात कायमची खोली आणि एक पगारी थेरपिस्ट द्यायला तयार झाली. एक पेशंट दाखवा, मग ठरवू, असं त्यांचं म्हणणं होतं. मॅडमनी गुलाबला दाखवायचं ठरवलं. माझ्या नोंदींवरून तीच सगळ्यांत जास्त सुधारली होती.

एसटीत मी खिडकीशी आणि मॅडम माझ्या शेजारी. त्या खूश होत्या. उकडलेल्या शेंगा सोलून दाणे माझ्या हातावर ठेवत होत्या. पनवेल ते फाटा एवढा वेळ माझ्याकडे होता. मी दाणे खाल्ले.

समाजमंदिराच्या ओसरीवर संस्थेची तीन माणसं खुर्च्यांवर बसली होती. गुलाब आली. पदर उजव्या हातावरून घेतलेला. मॅडमनी पदर बाजूला केला आणि त्यांचे हात तिथेच थांबले. कोपर काटकोनाच्याही आत वळलेलं होतं. बोटं तळव्यात गेली होती. कोपराच्या आतल्या बाजूला पन्हळ घासून झालेल्या जखमेचा ताजा वण होता.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं नाही. गुलाबला विचारलं, "ही येत होती का गं?"

गुलाबने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "येत व्हती ना. दर शनवारी येत व्हती. मीच पन्हल बांधली नाय. माजीच चूक हाय."

मॅडमनी पिशवीतून कोन मोजायची पट्टी काढून माझ्या हातात दिली. "मोज."

मी मोजलं.

"मोठ्याने सांग."

"पंच्याऐंशी."

"लिही."

वर माझ्याच अक्षरात एकशे पन्नास लिहिलेलं होतं. त्याच्याखाली मी पंच्याऐंशी लिहिलं. पेन कागदात रुतत होतं. मॅडम पाहुण्यांकडे वळल्या आणि म्हणाल्या, "चूक माझी आहे. मी शिकणाऱ्या मुलीला एकटीला पाठवलं आणि न बघता नोंदीवर विसंबून राहिले. पेशंटची यात काही चूक नाही." माझं नाव त्यांनी घेतलं नाही. पाहुण्यांनी चहा घेतला. पुढे त्यांचं एक सभ्य पत्र आलं. खोली मिळाली नाही.

परतताना बांधावरून त्या पुढे, मी मागे. त्या रागावतील, ओरडतील, परीक्षेला बसू देणार नाहीत, असं काय काय मनात येत होतं. खरं सांगायचं तर मला त्या वेळीही गुलाबपेक्षा माझ्या परीक्षेचीच काळजी होती. फाट्याजवळ त्या थांबल्या.

"निघताना गुलाबने खरं सांगितलं. पन्हळ टोचायला लागली होती. तरी तीन शनिवार ती बांधून बसली होती. तू येशील, आणि सोडलेली दिसली तर तुला वाईट वाटेल म्हणून." मग रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "पुढच्या शनिवारी येशील?"

"येईन," मी म्हणाले.

मी गेले नाही. ताप आल्याचं सांगितलं. त्याच्या पुढच्या शनिवारी त्यांनी विचारलं नाही, मीही विषय काढला नाही. खोटं लिहिण्यापेक्षा हे न जाणं मला जास्त डाचतं. खोट्याला निदान भीतीचं कारण होतं. आता भीती उरली नव्हती. फक्त त्या मुलीच्या तोंडाकडे बघायचं होतं.

कळंबोलीची वेळ सकाळी लवकर करून मॅडम दुपारी स्वतः खाडीकडे जायला लागल्या. गुलाबला सरकारी इस्पितळात नेऊन तिच्या कोपराचं ऑपरेशन करवून घेतलं, नंतर वर्षभर तिच्या मागे लागल्या. हात बराचसा उघडला, पुरता नाही. हे मला मैत्रिणींकडून कळत गेलं. निवट्या ती डाव्या हाताने धरायला शिकली, असंही कोणी म्हणालं.

मला परीक्षेत चांगले मार्क मिळाले. अमेरिकेचं मात्र जमलं नाही, व्हिसा दोनदा नाकारला गेला. मी वाशीत क्लिनिक काढलं, काचेच्या दाराचं, रविवारी बंद असणारं. मॅडमना उद्घाटनाला बोलवायचं धाडस झालं नाही. वर्षभराने त्यांचीच चिठ्ठी घेऊन एक बाई आली. चिठ्ठीत एवढंच होतं, 'हिला तुझ्याकडे पाठवते आहे. जवळ पडेल तिला.' त्या बाईचं मनगट मी दर वेळी तीनदा मोजायची. ती कंटाळून म्हणायची, "अहो, किती टेन्शन घेता तुमी!" मी मॅडमना फोन करून तिची प्रगती सांगायचं ठरवत होते. ठरवतच राहिले.

निवृत्तीनंतर जेमतेम वर्षभरात मॅडम गेल्या. शनिवारी कळंबोलीहून घरी आल्या, पडल्या, आणि उठल्या नाहीत. शोकसभा वाशीतल्या एका हॉलमध्ये होती. कॉलेजची माणसं होती, लोखंड बाजारातले हमाल स्वच्छ टोप्या घालून आले होते, आणि खाडीकडच्या गावांतून एक टेम्पो भरून बायका आल्या होत्या. सूत्रसंचालकाने 'मॅडमच्या लाडक्या विद्यार्थिनी' म्हणून माझं नाव पुकारलं. ते त्याला कोणी सांगितलं, मला माहीत नाही.

मी माइकपाशी गेले आणि तंबाखूचा किस्सा सांगितला. छान सांगितला. माणसं डोळे पुसता पुसता हसली. पाच शनिवारांचं आता सांगते, आता सांगते, असं मनात चाललं होतं. पण हसू ओसरलं, मी 'भावपूर्ण श्रद्धांजली' म्हणाले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. खरं तर शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत. तिसऱ्या रांगेत एक बाई डाव्या हाताचा तळवा उजव्या मनगटावर आपटत होती. उजवी बोटं उघडत नव्हती.

उतरून मला तिच्याच बाजूने जावं लागलं. तिने अंग चोरून शेजारी जागा केली. "बस ना बाय," गुलाब म्हणाली. "डाक्तरबाय लय नाव काढायची तुजं."

मी घड्याळाकडे पाहिलं. "क्लिनिक उघडायचंय गं," म्हणाले आणि दाराकडे निघाले.

त्या दिवशी रविवार होता.