सलाईनच्या हाताचं रक्त

तळमजल्यावरच्या त्या लॅबला खिडकी नव्हती. बाहेर ऊन आहे की आभाळ, हे पेशीमावशीला दुपारच्या जेवणाच्या सुट्टीतच कळायचं. सत्तावीस वर्षं ती काचपट्टीवरच्या रक्ताच्या पेशी मोजत आली होती. मशीन आल्यावरही शंका आली की डोळा सूक्ष्मदर्शकाला लावायचीच. नवरा म्हणायचा, माझं नाव विसरलीस तरी चालेल, रक्तगट तेवढा लक्षात ठेव.

वर्षभरापूर्वी मोठ्या सर्जनबाईंनी तिच्या टेबलासमोर एक तक्ता चिकटवला होता. पित्ताशय काढण्याआधी रक्ताच्या चार तपासण्या करायच्या, प्रत्येकीला गुण द्यायचे, बेरीज करायची. बेरीज तीनच्या आत असेल तर दुर्बिणीतून ऑपरेशन बहुधा सरळ पार पडतं. पाचच्या वर गेली तर आत काहीतरी चिकटलेलं, कुजलेलं असण्याची भीती; मग अनुभवी हात हवा, रक्ताच्या पिशव्या तयार हव्यात. इथे कमी गुणवाला पास, असं मावशी नव्या मुलींना बजावायची.

त्या सकाळी एका बसड्रायव्हरचे गुण आले दोन. तासाभरात त्याचं ऑपरेशन होतं, आणि दोन म्हणजे धाकट्या डॉक्टरांनी एकट्याने करायचं.

मावशी मात्र कागदाकडे बघत राहिली. ते दोन्ही गुण एकाच ओळीतले होते. दोन जातींच्या पांढऱ्या पेशींचं एकमेकींशी प्रमाण चांगलंच बिघडलेलं, पण सूज सांगणारा आकडा त्या मानाने निम्मा-शिम्मा, आणि कालचं चौदा हिमोग्लोबिन आज दहा. माणसाचं रात्रीत एवढं रक्त गेलं असतं तर वॉर्डात धावपळ झाली असती. मग तिच्या लक्षात आलं. रक्तात पाणी मिसळलं की सगळे आकडे पातळ होतात. प्रमाण तेवढं होतं तसंच राहतं.

ती तीन जिने चढून वर गेली. ड्रायव्हर पलंगावर बसला होता. औषधाने दुखणं दबलेलं, चेहरा पिवळट. सलाईन डाव्या हाताला, आणि रक्त काढल्याचा कापूसही त्याच हातावर. सिस्टर ओशाळली. उजवा हात त्याच्या बायकोने पहाटेपासून धरून ठेवला होता. तो सोडा म्हणायला सिस्टरची जीभ रेटली नव्हती.

"वहिनी, पाच मिनिटं हात माझ्याकडे द्या," मावशी म्हणाली. "परत करते."

"पहिलं रक्त आवडलं नाही वाटतं?" ड्रायव्हरने विचारलं.

"ते रक्त कुठलं, निम्मं सलाईनच होतं."

दारातच धाकटे डॉक्टर भेटले. थिएटर तयार होतं, भूल देणारे येऊन बसले होते, आणि ह्या वेळेला नवी नळी कशाला, असं त्यांचं म्हणणं. मावशीने आवाज चढवला नाही.

"डॉक्टर, वीस मिनिटं आत्ता द्या. पोटात हात घातल्यावर मागायला मी येणार नाही."

त्यांनी तिच्या हातातली नळी बघितली. मग फोनकडे वळून म्हणाले, थांबवा.

नवे गुण आले सात. सर्जनबाई स्वतः खाली आल्या, कागद उभ्याउभ्या वाचला आणि ऑपरेशन आपल्याकडे घेतलं. पोट उघडावंही लागेल, हे बायकोला आधीच समजावून सांगितलं. ते लागलंच. पित्ताशय एका बाजूने काळं पडून आतड्याला चिकटलं होतं. तीन तास लागले, रक्ताची एक पिशवी लागली. ती हाताशी होती. धाकटे डॉक्टर शेजारी उभं राहून ते कसं सोडवायचं हे शिकले.

तिसऱ्या दिवसापासून सुजेचा आकडा उतरणीला लागला. दोनशे दहा. एकशे चाळीस. साठ. मावशीने साठ वहीत लिहिले, ओठ जरासे हलले, आणि तिने पुढची नळी उचलली. कुणाची ते तिला ठाऊक नव्हतं. काच अजून कोमट होती.